घरात एकाला अ‍ॅलर्जी असताना कुत्र्याचं पिल्लू आणावं का?

सोनचाफा :
आमच्या घरात सध्या हा एकच विषय आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहणाऱ्या काळीला पिल्लं झाली आहेत आणि त्यातलं पांढऱ्या पायांचं एक आमच्या चिरंजीवांनी (वय १०) हेरून ठेवलंय. नावसुद्धा ठेवून झालंय, म्हणजे पुढचं समजून घ्या. अडचण नवऱ्याची. त्याला लहानपणापासून सर्दी-शिंकांचा त्रास, पावसाळ्यात पंप लागतो. कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे असं कुणी तपासून सांगितलेलं नाही, पण मावसभावाकडे लॅब्रेडॉर आहे, तिथे गेलं की थोड्या वेळात याचे डोळे लाल. तो स्वतः म्हणतो, "आणू या, मी गोळी घेत जाईन." सासूबाईंचं म्हणणं, नातवाच्या हट्टापायी माझ्या मुलाने जन्मभर औषधं का खायची?

मी आणावं या बाजूची आहे. नवरा जाणता माणूस आहे, नाक त्याचं, निर्णय त्याचा. आणि पिल्लू काही आम्ही जन्माला घातलेलं नाही, ते खाली आहेच. आम्ही नाही घेतलं तर सिंहगड रोडच्या रहदारीत किती दिवस टिकणार? दुसरीकडे एका ब्रीडरने पूडल आणि लॅब्रेडॉरचं मिश्र पिल्लू सुचवलंय. "या जातीची अ‍ॅलर्जी होतच नाही, गॅरंटी," आणि किंमत साठ हजारांच्या पुढे. मत द्या. विरोधातलं असलं तरी चालेल, घरात सवय झालीये.

निळी छत्री :
माझं मत : स्पष्ट 'नाही'.

नवऱ्याने हो म्हटलं याला फार महत्त्व देऊ नका. पोरगं डोळ्यांत पाणी आणून उभं, बायको पोराच्या बाजूला, अशा वेळी बाप दुसरं काय म्हणणार? माझ्या धाकट्या बहिणीला दमा. आमच्या लहानपणी घरात कुत्रा होता, सगळ्यांचा लाडका. ती कधीच तक्रार करायची नाही, कारण तक्रार केली तर टॉमी जाणार आणि घर तिच्याकडे बघत बसणार हे तिला माहीत होतं. पुढे शिकायला हॉस्टेलवर गेली तेव्हा तिला कळलं की रात्री सलग झोपता येतं. त्याआधी तिला वाटायचं सगळेच असे उठून बसत असतील.

टेकडीवाला :
सोनचाफा, जरूर आणा. आमच्याकडे बायकोला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे, तपासून सिद्ध झालेली, आणि आमची राणी गेली कित्येक वर्षं आमच्याचकडे आहे. नियम मात्र कडक. बेडरूममध्ये प्रवेश नाही, म्हणजे नाहीच, थंडीतही नाही. गालिचे काढून टाकले, सोफ्याला पुसता येईल असं कव्हर, झाडूऐवजी व्हॅक्यूम आणि ओलं पुसणं. विंचरणं गॅलरीत आणि ते मी करतो, बायको नाही. हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र झोपायच्या खोलीत. राणीशी खेळून झालं की बायको हात धुते, तोंडाला लावत नाही.

आणि एक सांगू का, आपल्याकडे कुत्रा म्हटलं की लगेच फुप्फुसं आठवतात. बाल्कनीतल्या कबुतरांची घाण, रोजची धूप-अगरबत्ती, ओल आलेली भिंत, हे सगळं चालतं. पुण्यात तर गाजर गवताची परंपरा १९५०च्या दशकापासूनची. त्या बिचाऱ्या पिल्लानेच काय घोडं मारलंय?

निळी छत्री :
टेकडीवाला, गाजर गवत आपण हौसेने घरात आणून त्याचा वाढदिवस करत नाही. जे टाळता येत नाही ते सोसतो, म्हणून जे टाळता येतं तेही सोसावं?

तुमच्या बायकोचं मत तुमच्याकडून ऐकतोय, तिच्याकडून नाही, एवढंच नोंदवतो.

श्वासमात्र :
मी नाशिकला छातीविकारांची डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांबण लावते. इथे कुणाला औषध सुचवणार नाही, पण दोन-तीन समज दुरुस्त करायला हवेत.

अ‍ॅलर्जी केसांची नसते. कुत्र्याची लाळ, त्वचेचा कोंडा, लघवी यांत काही प्रथिनं असतात, त्यांच्यावर शरीर बिथरतं. त्यातलं मुख्य 'कॅन एफ १'. ते बारीक कणांवर बसून हवेत तरंगतं, कपड्यांवरून शाळेत, ऑफिसात, जिथे कुत्रा कधी गेला नाही अशा घरातही पोचतं. म्हणून "केस गळत नाहीत, म्हणजे त्रास नाही" हे गणितच चुकीचं.

दुसरं, सोनचाफाताई, तुमच्या यजमानांना नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात पंप लागणाऱ्यांत गादी-उशीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, झुरळं हे नेहमीचे गुन्हेगार. मावसभावाच्या घरात लॅब्रेडॉर आहे तसा जुना गालिचाही असेल. आधी स्किन प्रिक टेस्ट करा. हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते दिसतं. त्याआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. ते जमत नसेल तर रक्ताची तपासणी आहे. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे त्रास होणारच असंही नाही. अहवाल आणि प्रत्यक्ष लक्षणं जोडून बघायची असतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही सर्दीबद्दल तीन ओळी लिहिल्यात आणि पंपाबद्दल तीन शब्द. माझ्या दृष्टीने प्रश्न त्या तीन शब्दांत आहे. "मी गोळी घेत जाईन" यातली गोळी शिंका आणि डोळ्यांची खाज थांबवते. श्वासनलिकेला आलेली सूज ती आवरत नाही. नाक शांत आणि छाती आतून बिघडतेय, असं होऊ शकतं. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. दमा नीट आटोक्यात नसेल तर पिल्लाचा विषय तूर्त बाजूला.

भटकी वाट :
ब्रीडरच्या गॅरंटीबद्दल. लॅब्रेडॉर-पूडल मिश्रणाचा उगमच मुळी या धाग्यासारखा आहे. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी. ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठीच्या श्वानसंस्थेतले वॉली कॉनरन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी लॅब्रेडॉर मादी आणि मोठा पूडल यांचा संकर केला. पिल्लं झाली तीन. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने त्या नवऱ्याकडे पाठवले, तर चाललं एकच! एकाच वेतातली सख्खी भावंडं आणि त्यातली दोन नापास. नंतर या जातीचा बाजार इतका फोफावला की खुद्द कॉनरन यांनी हे सुरू केल्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

अमेरिकेत २०११ साली घराघरांतली धूळ तपासली, तर 'अ‍ॅलर्जीमुक्त' म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत ते प्रथिन काही कमी नव्हतं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात अशा जातींच्या केसांत ते उलट जास्त सापडलं. ओबामांनी मुलीच्या अ‍ॅलर्जीमुळे २००९ मध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग या अशाच 'अ‍ॅलर्जीमुक्त' म्हणवणाऱ्या जातीचा कुत्रा आणला आणि जगभर या समजुतीला बळ आलं. तेव्हा गॅरंटी लेखी मागून बघा, ब्रीडरचा फोन लागायचा बंद होईल. पांढरे पाय फुकट आहेत.

खडूस काका :
आमच्या वेळी कुत्रं अंगणात असायचं, माणूस घरात. भाकरी टाकली की झालं. त्याला ना फिल्टर लागायचा ना शाम्पू. दारात कुत्री असायची म्हणून आमच्या पिढीला अ‍ॅलर्जी नव्हती.

सोनचाफा :
काका, चौथ्या मजल्यावर अंगण कुठून आणू?

श्वासमात्र :
काका, तुमच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण ते बाळांपुरतं. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली असं दिसलं की जन्मल्यावर पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयातला दमा सुमारे १३ टक्के कमी होता. ज्या मोठ्या माणसाचं शरीर आधीच बिथरलेलं आहे त्याच्या घरात कुत्रा आणल्याने ते सुधारेल, असा याचा अर्थ नाही. आणि तुमच्या पिढीतल्या किती जणांचा दमा 'जुनाट खोकला' म्हणून खपला ते कोण मोजणार.

जास्वंद :
मी भटक्या पिल्लांना घरं शोधून देण्याचं काम करते. सगळ्यांना वाटेल मी 'आणा' म्हणेन. मी म्हणते, आत्ता नको.

पिल्लं परत येण्याची जी कारणं आम्ही ऐकतो त्यात 'घरात अ‍ॅलर्जी निघाली' हे फार वरचं. काही वेळा खरं, काही वेळा सोफा कुरतडल्याचं ते सभ्य नाव असतं. पण परत येतं तेव्हा पिल्लू पिल्लू राहिलेलं नसतं. आठ-दहा महिन्यांचं, लांब तंगड्यांचं, गादीवर झोपायची सवय लागलेलं गावठी कुत्रं कुणी घेत नाही. पार्किंगमध्ये परत सोडलं तर तिथली कुत्री त्याला उभं करत नाहीत. कायद्याचा धाक म्हणाल तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी वाऱ्यावर सोडून देणं गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळेस दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज वडापावच्या दोन प्लेटी येतात.

"चार दिवस आणून बघू, त्रास झाला तर परत देऊ" हा सल्ला अजून कुणी दिलेला नाही, देऊही नका. त्रास हळूहळू वाढत जाऊ शकतो. आणि मुलाच्या हातात दिलेलं पिल्लू चार दिवसांनी काढून घेणं मला तरी जमणार नाही. त्यापेक्षा यजमानांनी कुत्री असलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या घरी जाऊन, गोळी न घेता, निवांत बसावं. (छातीचं आधी तपासून, डॉक्टर म्हणाल्या तसं.) काळी आहेच खाली, तिच्याजवळही बसा. आईजवळ पिल्लांनी निदान आठ आठवडे राहायलाच हवं, म्हणजे घाई तशीही नाही.

बरं, पांढऱ्या पायांचा नर की मादी?

सोनचाफा :
मादी. का?

श्वासमात्र :
जास्वंदने मुद्दाम विचारलं असावं. 'कॅन एफ ५' नावाचं एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही रुग्णांना फक्त त्याचीच अ‍ॅलर्जी असते. अशांना मादी किंवा खच्चीकरण केलेला नर बहुधा चालून जातो. पण ते ठरवायला रक्ताची वेगळी, महागडी तपासणी लागते. मादी आहे म्हणून लगेच पेढे वाटू नका.

टेकडीवाला :
बघा, मार्ग निघतोय. शिवाय आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली की ते प्रथिन बरंच उतरतं. आम्ही घालतो.

जास्वंद :
उतरतं, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा जागेवर येतं, म्हणून तर दोनदा. एकदा सुरू केलं की जन्मभर. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू नसेल तर तिची त्वचा कोरडी पडून कोंडा वाढेल, म्हणजे पुन्हा तेच. हे करणार कोण? दहा वर्षांचा मुलगा पहिला महिना करेल.

सोनचाफाचा नवरा (तिच्याच आयडीवरून) :
सगळं वाचलं. निळी छत्री, तुमच्या बहिणीचं वाचून थांबलो थोडा वेळ. पण माझ्याबद्दल तुमचा अंदाज चुकलाय. पोराच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी हो म्हटलेलं नाही. मला स्वतःला कुत्रा हवाय, त्याच्याइतकाच, कदाचित जास्त. लहानपणी याच सर्दीमुळे आईने आणू दिला नाही. आता पोराच्या नावावर माझीही हौस भागेल असा साधा हिशोब होता. आईला हे माहीत आहे, म्हणून ती एवढी तापली आहे.

पंपाचं मात्र कबूल. शेवटची फुंकून बघायची टेस्ट कधी केली आठवत नाही. डॉक्टरांची वेळ घेतो.

निळी छत्री :
हौस असेल तर उलट जास्त काळजी वाटते. माझी बहीण भीतीने गप्प बसायची, तुम्ही हौसेपायी गप्प बसाल. छाती भरली तरी "काही नाही, हवा बदललीये" म्हणाल. म्हणून एक करा, त्रास होतोय की नाही हे ठरवायचं काम स्वतःकडे ठेवू नका, बायकोकडेही नको. आईकडे द्या. त्यांना पिल्लू नकोय, त्या एकही शिंक सोडणार नाहीत.

माझं मत अजून 'नाही'च.

टेकडीवाला :
सासूबाईंना पंच केलं तर पिल्लाला पहिल्याच आठवड्यात लाल कार्ड! पण कल्पना वाईट नाही. बेडरूमचं दार बंद ठेवण्याचं खातंही त्यांच्याकडेच द्या, आमच्याकडे ते माझ्या सासूबाईंकडे आहे. आणि हो, त्या दिवसापासून राणी त्यांच्याच पायाशी झोपते, हॉलमध्ये.

सोनचाफा :
वेळ मिळाली, पुढच्या गुरुवारची. टेस्टच्या आधी गोळी बंद करायची का ते फोनवर विचारून घेतलंय. ब्रीडरला 'नको' असं कळवलं. मुलाला "अहवाल आल्यावर बोलू" एवढंच सांगितलंय. तो रोज विचारतोय की अहवाल म्हणजे किती दिवस.