विषबाधा शिकवायला खेळ की नुसता खेळखंडोबा?

रातपाळी
इंटर्न आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांना विषबाधा शिकवायचं काम तीन वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. पहिली दोन वर्षं स्लाइड दाखवल्या. ११० स्लाइड, डावीकडे विष, उजवीकडे उतारा. परीक्षेत सगळे पास. महिन्याभराने वॉर्डात विचारलं तर ऑर्गनोफॉस्फेटमध्ये (कीटकनाशकांतलं विष) डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात की मोठ्या, इथेच गाडी अडलेली.

यंदा तास बंद केला आणि पत्त्यांचा खेळ मांडला. चौघांचा गट, एक पेशंट, टेबलावर घड्याळ. पाच मिनिटं म्हणजे पेशंटचा एक तास. तपासणी मागितली की पत्ता मिळतो, पण तेवढा वेळ खर्ची पडतो. पॅरासिटामॉलच्या डावात एका गटाने दुसऱ्याच तासाला रक्तातली पातळी मागवली. मी निमूट दिली. रुमॅक–मॅथ्यू आलेखावर (किती तासांनी किती पातळी, त्यावरून उतारा द्यायचा का ते सांगणारा) ठिपका ठेवायला गेले तर आलेख सुरूच होतो चौथ्या तासापासून! १९७५ पासून हे असंच आहे, माझ्या स्लाइडवरही होतं. पण हातात ठिपका आणि ठेवायला जागा नाही, ही फजिती कुणी विसरत नाही.

दुर्मीळ विषं प्रत्यक्ष पेशंटवर शिकायची म्हटली, तर मिथेनॉलची (विषारी दारूतलं, दृष्टी घालवणारं) पहिली केस हीच पहिली शिकवणी, आणि तिची फी पेशंट आपल्या नजरेने भरतो. म्हणून खेळ हवाच. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

जुनाखोड
लिहितो. मला खेळाचं वावडं नाही, खेळ न सांगता जे शिकवतो त्याचं आहे.

असा एक प्रकार पाहिलाय. बंद खोली, चार कुलपं, प्रत्येकाचा आकडा पेशंटच्या कागदपत्रांत दडवलेला. ट्रायसायक्लिकच्या (नैराश्यावरच्या जुन्या गोळ्या) केसमध्ये ईसीजीवरून क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची टोकदार लाट, किती मिलिसेकंद रुंद ते मोजायचं, तोच कुलपाचा आकडा. एक मुलगी पट्टी लावून मोजत होती. शेजारचा पठ्ठ्या ००० पासून चाकं फिरवत बसला. त्याचं आधी उघडलं. टाळ्याही त्यालाच. क्यूआरएस १०० च्या पुढे गेला तर काय करायचं, हे त्याला विचारायचं कुणाला सुचलंही नाही. (सोडियम बायकार्बोनेट, राजा!)

पण ते जाऊ द्या. मूळ दुखणं असं की खेळाला कुलूप आणि किल्ली आवडते, आणि विषबाधा तशी नसते. बहुतेक पेशंट बरे होतात ते श्वासमार्ग, श्वास, रक्तदाब सांभाळल्याने आणि डोळ्यांत तेल घालून बसल्याने. अॅल्युमिनियम फॉस्फाइडला (धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या) उताराच नाही. पॅराक्वाट या तणनाशकाच्या विषबाधेत गरज नसताना, केवळ हात शिवशिवतात म्हणून ऑक्सिजन लावला तर फुफ्फुसांचं नुकसान वाढतं. फ्लुमॅझेनिल हा बेन्झोडायझेपिनचा (झोपेच्या, चिंतेवरच्या गोळ्या) उतारा, पत्त्यावर 'बरोबर' ठरेल. वर्षानुवर्षं रोज त्या गोळ्या घेणाऱ्याला दिलं की झटके. खेळात काहीतरी करणारा जिंकतो. इथे हात आवरायला शिकावं लागतं.

रातपाळी
कुलपांच्या खोलीबद्दल वाद नाही. त्याला मीही खेळ म्हणणार नाही, ते कोडं झालं. आमच्याकडे 'थांबा आणि पुन्हा तपासा' असा पत्ता आहे, आणि जिंकणारे गट तोच सगळ्यात जास्त टाकतात. फ्लुमॅझेनिलचा पत्ताही मुद्दाम ठेवलाय, सोबत ट्रायसायक्लिक घेतलेल्याच्या डावात. ज्यांनी टाकला त्यांच्या पेशंटला झटके आले. वाईट मांडलेल्या डावाचा राग खेळावर कशाला?

स्टेथो_हरवलेला
मी अशा डावात बसलोय (दुसऱ्या कॉलेजात), म्हणून लिहितो. ऑर्गनोफॉस्फेटची केस, त्यावरचा उतारा अॅट्रोपीन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं. तिसऱ्या डोसला आम्ही ओरडलो, बाहुल्या मोठ्या झाल्या, बस! सरांनी छातीचा पत्ता उलटला: दोन्हीकडे अजून घरघर. हरलो.

दोन आठवड्यांनी रात्री खरा पेशंट. नाडी १२०, सीनियर म्हणाले आता अॅट्रोपीन पुरे. मला तो पत्ता आठवला. छातीला स्टेथो लावला (तेव्हा होता), दोन्हीकडे घरघर. चाचरत सांगितलं. नाडी जलद आहे एवढ्यावरून थांबायचं नसतं, छाती कोरडी व्हायला हवी. डोस पुन्हा वाढवला. इथवर सगळं श्रेय खेळाला.

पुढचं मात्र जुनाखोड सरांच्या बाजूने जातं. दुसऱ्या दिवशी पेशंट अंगावरची चादर ओढू लागला, बडबडायला लागला, ताप चढला, पोटातले आवाज बंद. अॅट्रोपीन जास्त झालं होतं. आमचा डाव 'छाती कोरडी' म्हटल्यावर संपला होता, त्यामुळे ते कमी कधी करायचं हे खेळात आलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येईना. इंटरमीडिएट सिंड्रोम, एक ते चार दिवसांत केव्हाही येतं, श्वासाचे स्नायूही बसतात. ते ओळखलं सिस्टरने. मी त्याला सुट्टी कधी द्यायची याचा विचार करत होतो.

मनकवडी
मी मानसोपचारात आहे. इथे अजून कुणी न काढलेला विषय काढते.

तुमच्या पत्त्यांवरचे बरेच पेशंट स्वतः विष घेतलेले असणार. जगातल्या आत्महत्यांपैकी साधारण पाचातली एक कीटकनाशकाने होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशाच एका खेळाला मी प्रेक्षक म्हणून बसले होते. पेशंट 'गेला' तेव्हा एका गटाने टेबल वाजवून "मेला रे मेला!" केलं. मुलं वाईट नव्हती, डाव हरल्यावर माणूस असंच करतो. पण त्या चौघांत घरी हे पाहिलेलं कुणी असेल तर? आधी विचारलं होतं का कुणी? आणि 'का घेतलंस' या प्रश्नाला किती गुण होते? शून्य.

दुसरं म्हणजे पत्ता खोटं बोलत नाही. आमचे पेशंट बोलतात. दहा गोळ्या सांगतात, असतात चाळीस. वेळ चुकीची सांगतात, सोबत आणखी काय घेतलं ते लपवतात. वेळच माहीत नसेल तर रातपाळींच्या त्या आलेखाचा उपयोग काय?

जुनाखोड
+१. पत्ता खोटं बोलत नाही! मी एवढं लांबण लावलं, मला हेच म्हणायचं होतं.

रातपाळी
टेबल वाजवणं आमच्याकडेही झालंय. मी हसून सोडून दिलं. चूक झाली. पुढच्या खेपेला आधी बोलेन, आणि ज्याला बसायचं नाही त्याला कारण विचारणार नाही. खोट्या पत्त्याचं म्हणाल तर तो करता येईल. पेशंटचा एक, नातेवाइकाचा एक, दोघांचा मेळ नाही.

फार्मावाली
तुम्ही दोघं सुधारणा करत बसलात, पण खेळाने शिकणं होतं हे मुळात ठरलं कुठे? प्रशिक्षण जोखायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, पेशंटला फायदा झाला का. मी वाचलेले खेळांचे बहुतेक अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवरच धापा टाकतात. स्टेथोचा अनुभव तिसऱ्या पायरीचा आहे, पण तो एकट्याचा.

शिवाय जे लक्षात राहतं ते पत्त्यांमुळे की नुसतं आठवायला लावल्यामुळे? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की आठवड्याने पाहिलं तर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना जास्त आठवतं. ते काम साध्या प्रश्नांनीही होतं. ११० स्लाइडना हरवणं म्हणजे झोपलेल्याशी कुस्ती. तेवढाच वेळ, त्याच केस, पत्त्यांशिवाय फक्त चर्चा, अशा गटाशी तुलना करा. आणि गुणफलक असेल तर तो आधी काढा.

रातपाळी
गुणफलक आहे. मुलं त्यासाठीच वेळेवर येतात हो! बरं, काढतो. पुढच्या बॅचचे दोन भाग करतो, तीन महिन्यांनी दोन्ही गटांना सारख्याच नव्या केस. तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते सांगणार नाही.

जुनाखोड
चर्चेच्या गटाच्या केस मी लिहून देतो, तुमचे पत्ते हरावेत म्हणूनच. नातेवाइकाचा खोटा पत्ताही मीच लिहीन. चाळीस वर्षं ऐकतोय, साठा भरपूर आहे.

स्टेथो_हरवलेला
आणि मान उचलता न येण्याचा पत्ता? तो कितव्या डावाला?

जुनाखोड
तो वेगळ्याच दिवशी, दुसराच विषय चालू असताना.