बंद पडलेली मनोरुग्णालयं लोकांना आतून दाखवावीत का?

मास्तर, दिग्रस

बंद पडलेली मनोरुग्णालयं पाडू नयेत, आणि कुलूप लावून कुजूही देऊ नयेत. माहितगार माणूस सोबत घेऊन, दिवसाउजेडी, लोकांना आत नेऊन दाखवावीत, असं माझं ठाम मत आहे. यावरून आमच्या घरातच दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

निमित्त दोन व्हिडिओंचं. पहिला पुतण्याने अमेरिकेतून पाठवला. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेस्टन नावाच्या गावी ट्रान्स-अलेघेनी मनोरुग्णालयाची अवाढव्य दगडी इमारत आहे. १८६४ साली तिथे पहिले रुग्ण आले, १९९४ साली ते बंद झालं, आता तिकीट काढून आत जाता येतं. बांधताना हिशेब धरला होता २५० रुग्णांचा. डॉ. थॉमस कर्कब्राइड यांच्या पद्धतीचा आराखडा: मधली इमारत, दोन्हीकडे वॉर्डांच्या रांगा, आणि पुढची प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा थोडी मागे सरकवलेली. का? तर अगदी शेवटच्या वॉर्डालाही ऊन-वारा मिळावा. स्वच्छ हवा, बागकाम, शेतीकाम यांनी माणूस सावरतो यावर त्या डॉक्टरांचा विश्वास होता. आणि १९५० च्या दशकात त्याच इमारतीत सुमारे २,४०० माणसं कोंबलेली होती. चांगल्या हेतूने बांधलेल्या जागेचं काय होऊन बसतं, हे त्या लांबच लांब बोळातून चालताना जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही, असं पुतण्या म्हणतो. मला ते पटतं.

दुसरा व्हिडिओ आपल्याकडचा. आमच्या गावाबाहेरचं आरोग्य उपकेंद्र बऱ्याच वर्षांपासून बंद आहे. पोरांनी रात्री मोबाईलच्या उजेडात तिथे शूटिंग केलं आणि वर लिहिलं, 'विदर्भातला शापित पागलखाना'. छताची लोखंडी कडी दाखवून सांगितलं, इथे वेड्यांना साखळीने बांधायचे. अरे, ती कडी वजनकाट्याची आहे! तिला काटा टांगून, झोळीत बाळ घालून नर्सबाई वजन करायच्या. माझ्या दोन्ही मुलींची वजनं तिथेच झाली. सुया टोचून घेताना केलेला आरडाओरडा सोडला तर तिथे कुणी कधी किंचाळलेलं नाही.

माझा मुद्दा असा की खरं मनोरुग्णालय आपल्यापैकी फार थोड्यांनी आतून पाहिलंय. म्हणून कुठलीही पडकी इमारत पोरांना पागलखाना वाटते. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयसुद्धा १८६४ चंच, वेस्टनच्याच वयाचं, आणि ते आजही चालू आहे. त्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे?

भावाची ताई

मास्तर, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे. दिवसा नको, रात्री नको, तिकीट लावून तर नकोच.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, तो वावरात जातो, वेचणीच्या दिवसांत इतरांइतकाच कापूस वेचतो. दर महिन्याला एसटीने जाऊन आम्ही गोळ्या आणतो. आई ती पुडी डब्याच्या खाली, कापडाच्या पिशवीत तळाशी ठेवते. शेजारच्या सीटवरच्या बाईला दिसू नये म्हणून. या असल्या व्हिडिओंची लाट आल्यापासून एकाने आईला चौकात विचारलं, "काकू, तुमच्या पोराला अशाच ठिकाणी ठेवलं होतं का?" आईने दोन दिवस दळणाला जाणं टाळलं.

तुम्ही म्हणता माहितगार माणूस सोबत द्या. तो माणूस दाखवणार काय? हा पलंग, ही खोली, इथे अमुक उपचार व्हायचे. ज्या माणसाचं त्या पलंगावर आयुष्य गेलं त्याला कुणी विचारलं का, की बाबा, तुझी खोली परक्यांना दाखवू का? जुना वाडा दाखवतात तेव्हा त्या घराण्याची मान ताठ होते. इथे कुणाची होणार आहे? डॅनव्हर्सचं मनोरुग्णालय, मॅसॅच्युसेट्समधलं, १९९२ ला बंद झालं. पुढे बराचसा भाग पाडून तिथे राहायची घरं बांधली. मला तेच बरोबर वाटतं. माणसं राहू देत, मुलं खेळू देत.

फिरस्ता पोट्टा

काका, ताई, तो व्हिडिओ आमच्याच ग्रुपचा आहे, म्हणून बोलतो.

आम्ही कुणा रुग्णाचं नाव घेतलं नाही, कुणाची नक्कल केली नाही. बंद इमारती बघायची आम्हाला आवड आहे. शकुंतला रेल्वेची ओस पडलेली स्टेशनं, जिनिंगची जुनी शेडं, सगळीकडे जातो. कुठल्याही जागेतून काही उचलत नाही, कुलूप तोडत नाही. या उपकेंद्राला दारच उरलेलं नाही. इतकी वर्षं त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या होत्या का? व्हिडिओ आला तेव्हा ग्रामसभेत पहिल्यांदा विषय निघाला की ते बंद का आहे.

आणि काका, तुमच्या वेस्टनमध्येही रात्रीचे भुताटकीचे फेरे चालतात, त्याचं तिकीट वेगळं असतं. ती इमारत एका खाजगी माणसाने २००७ साली लिलावात घेतली. एवढं मोठं छप्पर, एवढ्या खिडक्या, दुरुस्तीला पैसा लागतोच. नुसता इतिहास ऐकायला किती जण येतील? भीती बघायला लोक येतात, आणि त्यांच्याच पैशावर इमारत उभी राहते. खोटं वाटत असेल तर सांगा.

कापसाचं वावर

मी शिकलेला कमी हाय, पण एक सांगतो. बापाहो, तुमी लोकं अमेरिकेच्या गोष्टी करून राहिले, अन् इकडं पोट्टे रात्री पडक्या इमारतीत जाऊन राहिले. पावसाळ्यात तिथं काय असते ठाऊक हाय का? मण्यार. रात्रीच निघते, चावली तरी पुष्कळदा दुखत नाही, अन् सकाळी माणूस उठत नाही. घोणस विटाच्या ढिगात बसून राहते. स्लॅबचं लोखंड गंजून फुगलं की सिमेट कवाबी खाली येते. आमच्या तालुक्याच्या गावाले पोचाले रातच्याले गाडी भेटत नाही, मंग लस कुठून टोचता?

दुसरं. ते उपकेंद्र बंद काहून पडलं, ते बोला ना. पागलखाना होता का नव्हता, हे बोलून काय भेटते? माह्या सुनेले बाळंतपणाले पंचवीस किलोमीटर न्या लागलं.

सिस्टर काकू

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षं मनोरुग्णालयात काढली, कुठल्या ते महत्त्वाचं नाही.

ताई, तुझं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं, आणि तरीही मी मास्तरांच्या बाजूची आहे. कारण सांगते. वॉर्डात अशी कितीतरी माणसं असायची जी बरी झालेली होती, औषधावर व्यवस्थित होती, आणि घरी जाऊ शकत नव्हती. भरती करताना नातेवाइकांनी पत्ता खोटा दिलेला. आम्ही पत्र टाकायचो, ते परत यायचं. समाजसेवा अधीक्षक गाडी घेऊन त्या गावी जायचे, तर त्या नावाचं घरच नाही. एक आजी रोज दुपारी लुगडं नीट नेसून, केस विंचरून फाटकाकडे तोंड करून बसायची. चार वाजता चहाची बादली आली की उठायची. तिच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. ती जुनी बरॅक आता नाही, आणि तिथे ती बसायची हे सांगणारे आम्ही दोघी-तिघी उरलोय.

न्यूयॉर्क राज्यातल्या विलर्डचं मनोरुग्णालय १९९५ साली बंद झालं तेव्हा माळ्यावर चारशेच्या आसपास सुटकेसा सापडल्या. रुग्ण येताना घेऊन आलेल्या. कुणाची पत्रं, कुणाचे फोटो, कपडे, शिवणाचं सामान. मालकांना त्या परत मिळाल्याच नाहीत. कर्मचाऱ्यांनी जपल्या म्हणून संग्रहालयात पोचल्या आणि लोकांना कळलं की आत आलेली माणसं शिंपी होती, नर्स होती, कुणाची आई होती. इमारत सरळ बुलडोझरखाली गेली असती तर?

पण पोरा, तुला दोन गोष्टी सांगायच्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो माध्यमांना देता येत नाही. जुन्या वॉर्डात केसपेपर पडलेले दिसले तर त्यांवर कॅमेरा धरायचा नाही. तिथे आडनाव असतं, गाव असतं, आणि त्या गावात आजही नातवंडं राहतात. दुसरं, साखळी. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणंही बंद आहे. हे तुझ्या व्हिडिओत कुठेच नव्हतं.

आशा ताई, घाटंजी

काकूंच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते, कारण मला ते रोज भोगावं लागतं.

२०१५ पासून शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. आम्ही आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन विचारतो: झोप लागते का, जेवण जातं का, जगून काय करू असं मनात येतं का. कर्ज, नापिकी, दारू, सगळं त्यातून बाहेर येतं. माणूस महत्प्रयासाने जिल्ह्याच्या दवाखान्यात यायला तयार होतो, आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "नको, तिथं बांधून ठेवतात, करंट देतात." हे कुठून आलं? मोबाईलवरून आलं. मग त्याला नेतात अंगातलं काढणाऱ्याकडे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधून मारणं गुन्हा ठरवलंय, तरी नेतात. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमात साखळीने बांधलेली २८ माणसं पळू न शकल्यामुळे गेली. ते दवाखाने नव्हते, भाऊ. साखळी तिथे होती.

म्हणून माझं मत मास्तरांपेक्षाही पुढे आहे. बंद इमारत दाखवायची तर दाखवा, पण चालू ओपीडी आधी दाखवा. लाकडी बाक, पंखा, नंबर लावून बसलेली माणसं, डॉक्टर विचारतात झोप कशी आहे, गोळ्या देतात, पुढची तारीख लिहितात. एवढंच असतं. फोनवरही बोलता येतं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत.

भावाची ताई

सिस्टर काकू, विलर्डचं मीही वाचलंय. त्या सुटकेसांचे फोटो काढले तेव्हा राज्याने पूर्ण नावं छापू दिली नाहीत. आणि त्याच ठिकाणच्या कबरस्तानात हजारो माणसं नावाऐवजी आकड्यांच्या खुणांखाली पुरलेली आहेत. म्हणजे त्यांचं सामान जगाने बघायचं आणि त्यांनी मात्र बिननावाचं राहायचं. यात त्यांना काय मिळालं?

सिस्टर काकू

नाव लपवण्यावर माझाही आक्षेप आहे. मेलेल्या माणसाचं नाव घरच्यांना विचारून लावावं. पण नाव नाही म्हणून गोष्टच सांगू नये, हे मला पटत नाही.

मास्तर, दिग्रस

ताई, इमारती पाडून घरं बांधली तर बदनामी थांबेल, असं तुमच्या बोलण्यातून येतं. आमच्या उपकेंद्रात तर वॉर्ड कधी नव्हताच, तरी पागलखाना झालाच की.

आणि या इमारती ओस पडल्या त्याचं कारणही सांगायला हवं. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. नवी औषधं आली, १९६३ साली केनेडींच्या काळात कायदा झाला, की रुग्णांना त्यांच्या गावाजवळच्या केंद्रात सांभाळायचं. वॉर्ड रिकामे झाले, पण ठरली होती तेवढी केंद्रं उभी राहिलीच नाहीत. पुष्कळ जण रस्त्यावर आले, तुरुंगात गेले. कापूसवाले भाऊ विचारतात उपकेंद्र का बंद पडलं. प्रश्न तोच आहे. दवाखाना बंद झाल्यावर त्यातली माणसं कुठे गेली, हे त्या रिकाम्या वॉर्डात उभं राहूनच विचारायला हवं.

फिरस्ता पोट्टा

काकू, तुमचं बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का? तुमच्या अंगणात, दिवसा. त्या आजींबद्दल, परत आलेल्या पत्रांबद्दल. भीती विकली जाते यावर मी अजूनही ठाम आहे, पण हेही लोक बघतील असं वाटतं.

सिस्टर काकू

चालेल. माझा चेहरा दाखव, रुग्णाचं नाव एकही येणार नाही. वरचं शीर्षक मी वाचल्याशिवाय टाकायचं नाही. मागे ते घू-घू संगीत लावलंस तर मी फोन करून काढायला लावीन.

कापसाचं वावर

अन् उपकेंद्राचा अर्ज पंचायत समितीत द्याचा हाय, सोमवारी. ज्याले सही कराची त्यानं सकाळी धा वाजता या. पोट्ट्या, तुह्या कॅमेऱ्यानं त्या कडीचा फोटो काढून आण, अर्जाले जोडू.

भावाची ताई

सहीला मी येईन. काकूंचं रेकॉर्डिंगही करा, त्याला माझा विरोध नाही. वॉर्डात माणसं फिरवायला मात्र माझं नाहीच आहे. उद्या तुम्ही कुठे तसं सुरू केलंत तर तिथेही मी विरोधाचाच अर्ज देईन.