प्रदर्शनाचा फलक लावायचाय, परवानगी कुठून घ्यायची?

मंडळी, मदत हवी आहे. कोथरूडला आमच्या बचत गटाचं दिवाळी फराळाचं प्रदर्शन आहे. हॉलबाहेर एक कापडी फलक आणि कोपऱ्यावर बाणाची पाटी, एवढंच लावायचंय. छपाईवाले म्हणतात, "ताई, बिनधास्त लावा, सगळेच लावतात." लावतात खरं, पण 1995 च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यात दंडाबरोबर 3 महिन्यांपर्यंत कैदही आहे, चकलीपायी एवढी हौस नाही!

महापालिकेत अर्ज आकाशचिन्ह विभागात (जाहिरात फलकांना परवानगी देणारा) करायचा की क्षेत्रीय कार्यालयातच काम होतं? फलकावर परवानगी क्रमांक नि मुदत छापायची, म्हणजे छपाईआधीच कागद हातात हवा. तर किती दिवस आधी अर्ज टाकावा? वाहतूक पोलिसांची एनओसीही लागते का? अलीकडे कुणी काढली असेल तर प्लीज सांगा. झाडाला खिळे ठोकणार नाही, बांबू आमचेच आहेत.