आपली चाळ (तिन्ही माळे) ग्रुप : संमतीपत्रावर सही करायची का?

चिटणीस (खोली ९): नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा. विषय एकच, पुनर्विकासाचं संमतीपत्र. ५४ खोल्यांपैकी २३ सह्या आल्यात. ५१ टक्के म्हणजे २८ लागतात. कोरे फॉर्म माझ्याकडे आहेत, सही झालेले बिल्डरच्या माणसाकडे. संध्याकाळी सातनंतर या, त्याआधी मी झोपलेला असतो.

राजू (खोली ३१): काका, पण ७९-अ ची नोटीस निघते ना? मग सह्या कशाला, म्हाडाच बांधेल की.

वहिनी (खोली १२): ७९-अ सोसायट्यांसाठी असतं रे. बहिणीच्या बोरिवलीच्या बिल्डिंगला तेच लागलं. सभेचं शूटिंग, निबंधकाचा माणूस हजर, सगळं.

वकीलदादा (खोली ४०): दोघंही बरोबर आणि दोघंही घोळात. ७९-अ दोन आहेत. वहिनी म्हणतात ते सहकार कायद्यातलं, त्याखाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, तो मालकी हक्काच्या सोसायट्यांना लागतो. आपण सोसायटी नाही, भाडेकरू आहोत. राजू म्हणतो ते म्हाडा कायद्यातलं, आपल्यासारख्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती मंडळासाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी. त्यात आधी मालकाला सहा महिने. त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित (अजून नोंदणी न झालेल्या) संस्थेला सहा महिने. आपणही गप्प बसलो तर म्हाडा जागा संपादन करणार. आणि दोन्ही वेळा ५१ टक्के संमती लागतेच. म्हणजे राजूशेठ, सही टळत नाही.

राजू (खोली ३१): 🙏 आपल्याला नोटीस आलीये का पण?

चिटणीस (खोली ९): नाही. दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या चाळीला आलीये.

वकीलदादा (खोली ४०): आणि त्यांचंही लटकलंय. इमारत नीट धोकादायक ठरवण्याआधीच नोटिसा काढल्या म्हणून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने म्हाडाला चांगलंच सुनावलं, चौकशीला समितीही नेमली. तेव्हा नोटिशीवर उड्या मारू नका.

अण्णा (खोली २): मी ८१ वर्षांचा आहे. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. तेव्हाही हेच बोलत होते, आता सरकार बघणार. उपकर आम्ही तेव्हापासून भरतोय.

नीता (खोली २७): अण्णा, मुळात हे असं का झालं? भाडं इतकं कमी कसं राहिलं?

अण्णा (खोली २): युद्धाच्या काळात भाडी भडकली म्हणून गोठवली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं १९४० चा दर पकडला. भाडेकरूला बरं वाटलं, मालकानं चुन्याचा हातसुद्धा फिरवणं सोडलं. मालक म्हणे भाड्यात रंगाचा डबा येत नाही. ते खोटंही नव्हतं. मग पागडी आली, पावतीवर एक आणि हातात दुसरं. सरकारनं मंडळ काढलं, इमारती बघितल्या तर १९,६४२. तुमच्या माळ्यावर जो टेकू आहे ना, त्याचं वय राजूपेक्षा जास्त असेल.

राजू (खोली ३१): टेकूला माझी बहीण दोरी बांधते कपड्यांची. तो आता खांबच झालाय.

मावशी (खोली २२): *(आवाजी संदेश, नातीने टाइप केलाय)* मी सही करणार नाही. का ते ऐका. माझी जाऊ संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरात, गेली तेव्हा तिचा मुलगा चौथीत होता. आज त्याची मुलगी चौथीत आहे. इमारत पाडली, प्लॉट लहान, काही बांधता येत नाही म्हणाले. तिचं नाव बृहत्सूचीत, म्हणजे घराची वाट बघणाऱ्यांच्या म्हाडाच्या यादीत, आहे. सूचीत नाव असलं की घर मिळतं असं सांगतात. मला सूची नको. मला ही गॅलरी आहे ती चालेल. शौचालयाची रांग चालेल, साठ वर्षं चाललीच ना. संदेश संपला.

नीता (खोली २७): मावशी 😔

वहिनी (खोली १२): मावशींचं अगदी खरं आहे. पण गेल्या पावसात जिन्याचा तुकडा पडला तो तुमच्याच दारासमोर, मावशी.

मावशी (खोली २२): *(नातीने टाइप केलंय)* माहितीये. मी झाडून काढला.

वकीलदादा (खोली ४०): मावशींच्या बोलण्यात "प्लॉट लहान" हे दोन शब्द आहेत ना, सगळं दुखणं तिथं आहे. थोडं लांब लिहितो, जेवण झाल्यावर वाचा.

सरकार आपल्या घरासाठी खिशातून पैसे घालत नाही. ते बिल्डरला जास्तीचं चटईक्षेत्र देतं, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी. त्या जागेत बांधलेली घरं बिल्डर बाजारभावाने विकतो आणि त्या पैशांत आपल्याला फुकट घर देतो. मुंबईच्या विकास नियमावलीतला नियम ३३(७). उपकरप्राप्त इमारतीला ३ एफएसआय (प्लॉटच्या तिप्पट बांधकाम), किंवा आपल्या पुनर्वसनाला लागेल ते आणि त्यावर ५० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. खोली १६० फुटांची असली तरी किमान ३०० चौरस फूट चटई, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, मिळालीच पाहिजे. म्हणजे जितके भाडेकरू जास्त आणि जागा जितकी लहान, तितकं बिल्डरला विकायला उरतं कमी. आपला प्लॉट जेमतेम ६०० चौरस मीटर आणि खोल्या ५४. जिना, लिफ्ट, पार्किंग, अग्निशमनाची मोकळी जागा सोडा, काय राहतं? म्हणून दोन बिल्डर आले, बघून गेले. तिसरा म्हणतोय आधी सह्या द्या. सह्या घेऊन तो कागद खिशात ठेवणार आणि शेजारच्या चाळीवाल्याला दाखवणार, हे मी लिहून देतो.

दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर तोच ५० चा आकडा ६० होतो, सहा किंवा जास्त झाले तर ७०. आणि बेटावर, म्हणजे आपल्या शहर भागात, ४,००० चौरस मीटर जमलं तर ३३(९), समूह विकास. तिथं एफएसआय ४ आणि घरही थोडं मोठं. सरकारला कोसळत्या गल्ल्या सुधारायच्या आहेत, एक एक चाळ नाही. नियमच तसे लिहिलेत. आपण मात्र एकटे सही करायला निघालोय.

राजू (खोली ३१): भेंडी बाजारात झालं ना तसं. साडेसोळा एकर.

वकीलदादा (खोली ४०): हो, २५० च्या आसपास इमारती, २००९ पासून. पण तिथं एका समाजाचा ट्रस्ट मागे उभा राहिला, स्वतः इमारती विकत घेतल्या. आपल्या गल्लीत असा ट्रस्ट कुठून आणणार? आपण नळावरच्या पाण्यावरून भांडतो.

नीता (खोली २७): बीडीडी चाळींचं बघा पण. वरळीला ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फूट. बिल्डर मध्ये नाही, सरकारनं म्हाडाच नेमलेली. माझी मैत्रीण तिथली आहे. ती म्हणते पहिल्या रात्री झोपच आली नाही, इतकं शांत होतं.

अण्णा (खोली २): बीडीडी सरकारची जागा. मालक सरकार. तिथं मालकाचे वारस शोधायला लागत नाहीत. आपल्या मालकाचे वारस अकरा, त्यातले दोघं एकमेकांवर केस घालून बसलेत.

राजू (खोली ३१): आणि गोरेगावची पत्रा चाळ? २००८ चा करार, ६७२ कुटुंबं. बाहेर राहायला बिल्डर देत होता ते भाडं बंद झालं आणि लोक वाऱ्यावर.

चिटणीस (खोली ९): म्हणूनच म्हणतो, भाडं ११ महिन्यांचं आगाऊ आणि बँक हमी करारात लिहून घ्यायची. नुसतं तोंडी नको.

नीता (खोली २७): मला एक वेगळंच विचारायचंय. हे सगळं झालं तर परवडणारी घरं वाढली असं म्हणतात. कुणाला परवडणारी? आपण इथं आहोत तेच राहणार, ते ठीक. पण विक्रीचा फ्लॅट आपल्यापैकी कुणाच्या मुलांना घेता येईल? माझा भाऊ बदलापूरला राहतो, पहाटेची लोकल पकडतो. म्हाडाच्या सोडतीत तीनदा अर्ज केला.

वहिनी (खोली १२): आणि मेंटेनन्स! वीस माळे, तीन लिफ्ट, पंप, जनरेटर, सिक्युरिटी. आपण आता भरतो ते भाडं चहाच्या बिलाएवढं. अण्णांच्या पेन्शनमध्ये ते कसं बसणार? बीडीडीला १२ वर्षं म्हाडा देखभाल करणार, आपल्याला कोण करणार?

चिटणीस (खोली ९): कॉर्पस फंड मागायचा, बिल्डरनं देखभालीसाठी एकरकमी ठेव द्यायची.

वहिनी (खोली १२): मागून मिळतो का तो? कितीचा? व्याजावर लिफ्ट चालली पाहिजे.

वकीलदादा (खोली ४०): वहिनी, हा प्रश्न रविवारी पहिला घ्या. आणि नीता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नियमात नाही. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली किती शहरात आणि किती बदलापूरच्याही पुढे, त्यावर सगळं अवलंबून. ३३(७) मध्ये क्षेत्र उरलं तर ते म्हाडाकडे जातं, मावशींच्या जावेसारख्या सूचीतल्या लोकांसाठी. पण प्लॉट लहान असला की उरतच नाही. परत तेच.

अण्णा (खोली २): मग सही नको का?

वकीलदादा (खोली ४०): आत्ता नको. या कागदावर तरी नको. त्यात बिल्डरचं नाव आहे, आपल्या संस्थेचं नाही. आधी नियोजित संस्था काढू, पावत्या, रेशनकार्ड, मतदार यादी गोळा करू, आणि डावी-उजवीकडच्या दोन चाळींशी बोलू. तीन प्लॉट झाले की ६० टक्क्यांत बसतो.

चिटणीस (खोली ९): डावीकडच्या चाळीशी बोलायचं? गणपतीच्या मंडपावरून तीन वर्षं बोलणं नाही.

मावशी (खोली २२): *(नातीने टाइप केलंय)* त्यांच्या पहिल्या माळ्यावरची माझ्या माहेरची आहे. मी बोलते. पण शिबिरात जाणार नाही हे पहिल्या पानावर लिहा. भाडं द्या, माझं मी बघेन.

चिटणीस (खोली ९): लिहितो मावशी. बिल्डरच्या माणसाला उद्या फोन करून २३ फॉर्म परत मागतो. तो चिडेल.

राजू (खोली ३१): मी येतो बरोबर.

वहिनी (खोली १२): रविवारी गच्चीवर कुणी वाळवण घालू नका. आणि दुसऱ्या माळ्यावरच्या टेकूला टेकून उभं राहू नका, काल हलला तो.