मदत हवी आहे: दारुहळदीचा झोन आला, पण तो दारुहळदीचाच कशावरून?

नमस्कार. मी मुंबईत एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरी आजीपासून जखम धुवायला दारुहळदीचा काढा वापरतात, म्हणून प्रोजेक्टसाठी हा विषय हट्टाने मागून घेतला. आता निकालाचा अर्थ लावताना अडले आहे.

खोडाचे तुकडे काष्ठौषधीच्या दुकानातून आणले. एक अर्क सॉक्सलेटवर (गरम द्रावक फिरवत ठेवणारं उपकरण) मिथेनॉलमध्ये काढला, दुसरा थंड पाण्यात रात्रभर भिजवून. मिथेनॉल पूर्ण उडवल्यावर उरलेला चिकट पिवळा गोळा डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. बॅक्टेरिया वाढवायला म्युलर-हिंटन अगार, ०.५ मॅकफारलंडचं (गढूळपणाचं माप) कल्चर, अर्क भरायला अगारमध्ये ६ मिमीच्या वेल (खड्डे), ३७ अंशांवर रात्रभर.

स्टॅफिलोकोकस ऑरियसवर मिथेनॉल अर्काचा १६ मिमीचा स्वच्छ झोन (बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ) आला. पाण्याच्या अर्काभोवती फक्त पिवळं कडं पसरलं आणि त्या पिवळ्यातही बॅक्टेरियाची गच्च वाढ. ई. कोलायवर दोन्ही अर्क शून्य. अडचण अशी की नुसत्या डीएमएसओच्या वेलभोवतीही १० मिमीचा धूसर झोन दिसतो.

मग १६ मधले १० वजा करायचे का? मिथेनॉल अर्क चालला म्हणून काढा चालतो असं लिहिता येईल का? घरात कुणी मिथेनॉलने जखम धूत नाही, त्यामुळे माझ्यासाठी पाण्याचा अर्कच महत्त्वाचा आहे. तो 'निष्क्रिय' म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही.

सूक्ष्मजीवी: वजाबाकी अजिबात करू नका, झोन असे वजा होत नाहीत. निव्वळ डीएमएसओ स्वतःच बॅक्टेरियाची वाढ रोखतो. अर्क दाट करून विरघळवा आणि मग ब्रॉथमध्ये (बॅक्टेरिया वाढवायचं द्रव) इतका पातळ करा की शेवटी डीएमएसओ १ टक्क्याच्या आसपास राहील. कंट्रोलमध्येही (अर्क नसलेल्या वेलमध्ये) तेवढाच ठेवा.

झोनच्या आकारावरून दोन अर्कांची तुलनाही करू नका. अगारमधून रेणू किती सरकतो यावर झोन ठरतो. दारुहळदीतलं मुख्य द्रव्य बर्बेरिन, त्याच्यावर धन भार. अगारमध्ये ऋणभारित सल्फेट गट असतात, त्यामुळे असे रेणू तिथे अडकतात. शिवाय बर्बेरिन थंड पाण्यात कमी विरघळतं, गरम पाण्यात बरंच जास्त. तुमच्या आजी काढा उकळून करत असणार, मग प्रयोगातही उकळूनच करा. आटवा, गाळा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि लगेच वापरा. आपल्या मुंबईच्या हवेत असं पाणी रात्रभर बाहेर राहिलं की त्यात भलतंच काही वाढतं.

पुढची पायरी ९६ वेलच्या प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी अर्काची किमान मात्रा. प्रत्येक वेलमध्ये मिलिलिटरला साधारण ५ लाख पेशी, अर्क दरवेळी निम्मा. ई. कोलायचं शून्य अपेक्षितच होतं: त्याच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरियाला बाहेरचं जादा आवरण असतं आणि आत शिरलेलं द्रव्य बाहेर फेकणारे पंपही. स्टॅफमध्येही नोरए नावाचा पंप बर्बेरिन बाहेर काढतो. दारुहळदीच्याच बर्बेरिस वंशातल्या एका अमेरिकी जातीत तो पंप अडवणारं वेगळं द्रव्य सापडल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. त्या द्रव्याची स्वतःची मारक शक्ती नगण्य, पण ते सोबत असलं की बर्बेरिनचा जोर वाढतो. म्हणून शक्य असेल तर शुद्ध बर्बेरिन आणि अख्खा अर्क शेजारीशेजारी लावा. तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात बघण्यासारखा भाग तोच ठरेल.

रानवेल: आधी ती दारुहळदच आहे ना, हे तपासा. खरी बर्बेरिस अरिस्टाटा हिमालयातली. दक्षिणेत दारुहळद म्हणून कॉसिनियम फेनेस्ट्रॅटमही वापरतात, आणि त्यातही बर्बेरिन असतंच. नुसत्या पिवळेपणावर जाऊ नका. पान-फूल असलेला नमुना मिळाला तर सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) विचारा. नुसतं खोड असेल तर फार्माकोग्नॉसीवाल्यांकडून (वनस्पती-औषधांचे अभ्यासक) आडवा छेद बघून घ्या.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार! उकळलेला काढा आणि एमआयसी, दोन्ही करते. पण अर्क गडद पिवळा आहे. ब्रॉथ गढूळ झाला की नाही हे डोळ्यांना कळणार कसं?

सूक्ष्मजीवी: रेझाझुरिन हा निळा रंग घाला. जिवंत पेशी निळ्याचा गुलाबी करतात. पिवळ्यात निळा हिरवट दिसेल, म्हणून प्रत्येक पातळीला बॅक्टेरियाविना 'अर्क + ब्रॉथ + रंग' अशी एक वेल ठेवा आणि तिच्याशी ताडून बघा. तरी शंका उरली तर बॅक्टेरिया घातलेल्या पण गुलाबी न झालेल्या वेलमधला थेंब साध्या अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी वसाहती आल्या तर वाढ फक्त थांबली होती, बॅक्टेरिया मेले नव्हते. आणि घरच्यांनी विचारलं तर सांगा, प्लेटवरचा निकाल जखमेला लागू होतोच असं नाही. मधुमेहींच्या पायाची जखम असेल तर आधी डॉक्टर.

धागाकर्ती: हे आजीला आजच सांगते. सोमवारी लॅब उघडली की काढ्यापासून सुरुवात. एमआयसीचे आकडे इथेच टाकेन.