एस्लिंगेनचा नाताळ बाजार: घरच्या ग्रुपवरची चर्चा

मामा: अक्का, फोटो मस्त आलेत. हे एस्लिंगेन नक्की कुठं आलं? आमचं डिसेंबरात तुमच्याकडे यायचं जवळजवळ ठरलंय. २३ ला निघायचं म्हणतोय. २५ ला संध्याकाळी सगळे मिळून तिकडं जाऊ या का?

अक्का मावशी: जर्मनीत, स्टुटगार्टच्या शेजारी. पण आधी तारीख बदल. २५ ला तिथं शुकशुकाट असतो. नाव नाताळचं असलं तरी हे बाजार भरतात नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत. नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात आणि एस्लिंगेनचा २१-२२ डिसेंबरच्या सुमारास उठतो. भाऊबीज झाल्यावर दिवाळीच्या खरेदीला निघाल्यासारखं होईल ते.

ताई: आणि मामा, २४ च्या दुपारपासून दुकानंसुद्धा बंद होतात. २५, २६ सुट्टी. इथले लोक ते दिवस घरात घालवतात. उशिराच यायचं असेल तर फ्रान्समधल्या कोल्मारचा बाजार नाताळनंतरही काही दिवस चालतो, पण तो इथून लांब पडतो. त्यापेक्षा तुम्हीच आठवडाभर आधी या.

मामी: बरं झालं विचारलं. सगळे म्हणतात स्टुटगार्टचाच बाजार मोठा आहे, तो सोडून या छोट्या गावात का जायचं?

अक्का मावशी: स्टुटगार्टचाही बघा की. जुना आहे, १६९२ मध्ये त्याची पहिली नोंद सापडते. दुकानांची छपरं इतकी सजवतात की मान वर करूनच चालावं लागतं. पण गर्दी फार, आणि दहा दुकानं बघितली की अकराव्यात तेच. मला विचाराल तर एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ एस्लिंगेनला द्या.

कारण सांगते. दुसऱ्या महायुद्धात स्टुटगार्टवर प्रचंड बॉम्बफेक झाली, जुनं शहर बरंचसं गेलं. शेजारचं एस्लिंगेन मात्र वाचलं. त्यामुळे बाजार ज्या गल्ल्यांमधून भरतो ती घरं खरोखरची जुनी आहेत. हाफेनमार्क्ट चौकापाशी लाकडी चौकटींच्या घरांची एक सलग ओळ आहे, १३३१ च्या सुमाराची. एवढी जुनी सलग ओळ जर्मनीत दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. तुळया इतक्या वाकल्यात की खिडक्या एका रेषेत नाहीत, आणि माणसं आजही वापरतात ती घरं! मोठ्या चर्चचे दोन मनोरे आहेत, त्यांना वरच्या वर जोडणारा पूल आहे. मागच्या टेकडीवर द्राक्षमळे आणि त्यांच्यावर जुन्या तटबंदीचे बुरूज. एवढं सगळं एकमेकांपासून पायी पाच-दहा मिनिटांवर.

दादा: द्राक्षमळे म्हणजे वाइन आलीच.

ताई: हो रे. केसलर म्हणून कंपनी आहे, १८२६ पासूनची, फसफसणारी वाइन करणारी जर्मनीतली सगळ्यात जुनी. अगदी बाजाराशेजारीच आहे. तिचा संस्थापक आधी फ्रान्समध्ये व्हव क्लिको या शँपेन करणाऱ्या कंपनीकडे कामाला होता, तिथं शिकून इथं आला.

आजी: ते वाइनचं राहू दे. खायला काय मिळतं? मी आले तर उपाशी राहायचे का?

अक्का मावशी: आई, उपाशी नाही राहणार. भाजलेले चेस्टनट असतात, कागदाच्या पुडीत गरम गरम देतात. साखरेत घोळवलेले बदाम तर समोर मोठ्या तांब्याच्या कढईत परततात, तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. लांगोश म्हणून तळलेली मोठी पुरी असते, वर लसूण, आंबट साय आणि चीज. बटाट्याच्या किसाचे वडेही असतात, सफरचंदाच्या गोड गरासोबत देतात, पण त्यात बहुतेक वेळा अंडं घातलेलं असतं. इथले केझ-श्पेट्झले मुलांना फार आवडतात, चीजमध्ये घोळवलेल्या शेवयाच म्हण, पण त्यांच्याही पिठात अंडं असतंच. तुला ते नको.

ताई: आजी, अजून एक. फ्लामकूखन म्हणजे पातळ पोळीवर साय आणि कांदा, पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. बिनमांसाचीही करून देतात, मात्र सांगावं लागतं, "ओन श्पेक" म्हणायचं. आंबट कोबीबरोबर बटाट्याच्या लांबट शेवया परतून देतात, त्यातही बऱ्याचदा मांस असतं. दिसायला शाकाहारी आहे म्हणून घेऊ नका, विचारूनच घ्या.

मामी: मुलांना तो गरम पेला प्यायचाय, फोटोत होता तो.

ताई: फोटोतला ग्ल्यूवाइन, म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून तापवलेली वाइन. मुलांसाठी किंडरपुन्श मागा. फळांचा रस आणि तोच मसाला, दारूचा थेंब नाही. पेला मातीचा असतो, त्याची अनामत पेयाबरोबरच घेतात. पेला परत दिला की पैसे परत. घरी न्यायचा तर अनामत सोडायची, त्यात कुणाला राग नाही. आणि सुटे युरो खिशात ठेवा, बऱ्याच दुकानांत कार्ड चालत नाही. शौचालयालाही नाणं लागतं.

धाकटी मावशी: अक्का, जुन्या काळचे कपडे घातलेली माणसं दिसली फोटोत. नाटक असतं का काही?

अक्का मावशी: तेच तर सांगायचं होतं! बाजाराचे दोन भाग आहेत. एक नेहमीचा नाताळ बाजार, दुसरा मध्ययुगीन. दुसऱ्या भागात दुकानं लाकडाची आणि जाड कापडाची, उजेड कंदिलांचा आणि मशालींचा, आणि विकणारे त्या काळच्या वेषात. वादक असतात, आगीचे खेळ करणारे असतात, पण मी रमले ती कारागिरांपाशी.

लोहार भाता मारत होता. लोखंडाची सळई लाल झाली की ऐरणीवर घ्यायची, चार घाव, परत आगीत. पाहता पाहता त्या सळईचा पीळ घातलेला आकडा झाला. तो पाण्यात बुडवला तेव्हा चर्र झालं आणि पुढं उभी असलेली सगळी पोरं मागं सरली. त्याच्या पलीकडं मेणबत्त्या. पातळ केलेल्या मेणाचं भांडं, मुलाच्या हातात नुसती वात. बुडवायची, बाहेर काढायची, गार होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची. एका वेळी कागदाएवढाच थर चढतो. घाई केली, जास्त वेळ आत धरली, की आधीचा थरही वितळून जातो. ताईचा मुलगा, जो घरी दोन मिनिटं बसत नाही, तो तिथून हलेना.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की तिथं नुसते फोटो काढून पुढं पळू नका. एकेका माणसापाशी थांबा, हे कसं करता म्हणून विचारा. कौतुकानं सांगतात ते, भाषा अर्धीमुर्धी आली तरी. आणि घ्यायचं तर त्यांच्याकडून घ्या. हल्ली अशा बाजारांत कारखान्यातला, बाहेरून आलेला मालही खूप असतो, तो पुण्यातही मिळेल. "तुम्हीच केलंय का?" एवढं विचारलं तरी कळतं.

मामा: पटलं. पण किती वाजता जायचं? वार कुठला?

अक्का मावशी: मंगळवार किंवा बुधवार. शनिवार-रविवारी बसगाड्या भरून लोक येतात, हलताही येत नाही, मग कारागिराशी बोलणार कधी? दुपारी दोनला पोचा. साडेचारला सूर्य मावळतो. तोवर घरं, चर्च आणि कारागीर उजेडात बघून होतात. मग अंधारात मशाली. पाय चालत असतील तर अंधार पडायच्या आधी तटबंदीवर चढून या, चढायला भरपूर पायऱ्या आहेत पण वरून सगळी छपरं आणि नेकार नदीचं खोरं दिसतं. मोसमात एका संध्याकाळी लोक मशाली घेऊन मिरवणुकीनं तिथं चढतात, त्या दिवसाची तारीख ताई बघून ठेवेल.

मामी: अक्का, माझे गुडघे... रस्ते कसे आहेत?

अक्का मावशी: दगडी फरसबंदी आहे, ओबडधोबड. जाड तळव्याचे बूट घाल आणि लोकरीचे मोजे. थंडी वरून कमी, त्या दगडांतून पायात जास्त चढते. बर्फ पडेल असं धरून येऊ नका, या खोऱ्यात डिसेंबरात पाऊसच जास्त. टोपी असलेलं जॅकेट आणा. पायऱ्या तू चढू नकोस, खाली बघण्यासारखं पुष्कळ आहे.

धाकटी मावशी: सुरक्षेचं काय गं? बातम्या वाचल्या होत्या.

ताई: काळजी वाटणं साहजिक आहे, मावशी. २०१६ मध्ये बर्लिनला आणि २०२४ मध्ये मॅग्देबुर्गला गाडी घुसवून माणसं मारली. तेव्हापासून बाजारांच्या तोंडाशी गाड्या अडवायला अडथळे असतात, पोलीस फिरत असतात. आम्ही जातो, मुलांना नेतो. फक्त हरवलो तर कुठं भेटायचं ते आधी ठरवून ठेवतो. एस्लिंगेनला आम्ही जुन्या नगरभवनाची जागा धरतो, गुलाबी-लाल दर्शनी भाग आणि वर घड्याळ, लांबून ओळखू येतं.

दादा: ताई, गाडी लागेल का?

ताई: अजिबात नाही, उलट पार्किंग मिळत नाही. आमच्या बोब्लिंगेनहून एस-वन लोकल थेट एस्लिंगेनला जाते, मधे गाडी बदलायची नाही. पाऊण तासाच्या आसपास. स्टेशनातून दहाएक मिनिटं पायी. दिवसाचं ग्रुप तिकीट सगळ्यांना मिळून स्वस्त पडतं.

मामा: १५ च्या रात्रीच्या विमानात जागा आहेत, भाडंही २३ पेक्षा कमी दिसतंय. आईचंही काढू का?

आजी: काढ. अंडं नसलेलं काय ते मी विचारून घेईन.

ताई: काढ मामा. हॉटेल बघू नकोस, खालची खोली रिकामी आहे. आणि आजीचे थर्मल आणि लोकरीचे मोजे तिकडूनच घेऊन या, इथं तिच्या मापाचे मिळायला वेळ लागतो.