पिल्लू घरी आलंय, आता पुढे? (अनुभव धागा)

रानजाई
दिवाळीच्या आगेमागे गल्लोगल्ली कुत्र्याची पिल्लं दिसायला लागतात आणि "एक घरी आणलंय, आता काय करू?" असं विचारणारेही. म्हणून हा धागा. कौतुक भरपूर होतंच, इथे फक्त कामाचं लिहा: काय, किती, कधी, आणि बिघडतं ते नेमकं कुठे. देशी असो की लॅब्रेडॉर, पहिल्या पंधरा दिवसांचं गणित सारखंच.

सुरुवात मीच करते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताच येत नाही, तरी "लहान असलं की लवकर लळा लागतो" म्हणून गळ्यात मारणारे आहेत. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. तो धडा राहिला की मग आपल्या हातापायांवर गिरवला जातो. आणायला जाताना जुना टॉवेल न्या, पिल्लाच्या आई-भावंडांच्या अंथरुणावर नीट घोळवून घ्या. गाडीत बसवायच्या दोन तास आधीपासून खायला नको.

पायरीवरचा
शू-शी. सगळ्यात जास्त वैताग इथेच आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच.

पहिल्या दिवशी अख्खं घर मोकळं सोडू नका. एक खोली किंवा आडवी फळी लावून केलेला कोपरा पुरे. बाहेर न्यायच्या वेळा ठरलेल्या: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळ थांबला की, आणि एरवी जागं असताना दर तासाला. वयाचे महिने अधिक एक, इतके तास पिल्लू धरू शकतं असा हिशेब सांगतात. पण तो झोपेतला आणि जास्तीत जास्तचा आहे. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की विचार करत बसू नका, उचला.

जागा रोज तीच, शब्दही तोच. झाली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांत खाऊ. घरात येऊन दिलात तर ते घरात येण्याचं बक्षीस झालं. आणखी एक मेख: शू होताच तडक वर आणलंत, तर शू केली की मजा संपते एवढंच त्याला कळतं आणि ते मुद्दाम तुंबवून ठेवतं. नंतर पाच मिनिटं हुंगू द्या.

घरात झाली तर नाक घासणं, पेपर आपटणं बंद. त्यातून ते फक्त तुमच्यासमोर करायची नाही एवढंच शिकतं. मग सोफ्यामागे सापडते, आणि बाहेर पट्ट्यावर तुम्ही शेजारी उभे असलात की होतच नाही. फिनेलने पुसून वास जातो तो आपल्या नाकापुरता. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून १०-१५ मिनिटं मुरू द्या, मग टिपा. लगेच पुसलंत तर पैसे वाया.

कडीकोयंडा
फ्लॅटवाल्यांनी दोन गोष्टी आधी बघा. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात, वाढत्या सांध्यांना ते वाईट. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा मागून रबर असलेलं पायपुसणं टाका. आणि बाल्कनीचे गज: जिथून डोकं जातं तिथून पिल्लू जातं. खाली जाळी बांधा, तीही आतल्या बाजूने.

शेपूटवाली
रात्रीचं रडणं. "रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल" हा सल्ला मला मान्य नाही. आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपणारं पिल्लू घाबरून रडतं, हट्टाने नाही.

पिंजरा किंवा मोठं खोकं तुमच्या पलंगाला लागून ठेवा. पिल्लाला उभं राहता, वळता, पसरता येईल एवढंच. फार मोठं घेतलं तर एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला शी. आत तो आईच्या वासाचा टॉवेल, थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. रडलं तर हात खाली सोडून बोटं हुंगू द्या. दोन-अडीच तासांनी उठून रडलं तर बहुतेक शू असते: दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, काम झालं की परत आत. तिथे लाड केलेत तर उद्यापासून त्याच वेळेचा गजर लागला म्हणून समजा. रुळलं की खोकं रोज हातभर दाराकडे सरकवायचं.

ओसरी
खाणं. पहिला आठवडा ते आधी जे खात होतं तेच. नंतर पाव भाग नवं, दोन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, असं आठवडाभरात बदला. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहापर्यंत तीन, मग दोन. वाटी १५ मिनिटांनी उचला. पाणी मात्र कायम.

दूध-पोळी हा आपल्याकडचा लाडका घोळ. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पोट ढाळतं, आणि पोळीने पोट भरलं की प्रथिनांना जागा उरत नाही. घरचंच द्यायचं तर हाड काढलेलं उकडलेलं चिकन, मऊ भात, थोडा लाल भोपळा, मीठ-फोडणी नाही. पण त्यात कॅल्शियम कमी पडतं, म्हणून प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मनानेच कॅल्शियमचं सिरप ओतू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्याने बिघडतात. कांदा, लसूण (रश्शातलेसुद्धा), द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगगम आणि शिजलेली हाडं अजिबात नाही.

गोचीडमार
लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतील, त्यामागचं कारण मी सांगतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. "दोन झाल्या, बस्स" म्हणणाऱ्यांची पिल्लं पार्व्होने (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग) जातात. रेबीजची तीन महिन्यांना.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही. घरात आधी असं पिल्लू दगावलं असेल तर आधी घाण साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, १० मिनिटं ओलं ठेवा. त्यात अ‍ॅसिड मिसळू नका. उलटी, मलूलपणा आणि रक्ताची शी दिसली तर "सकाळी बघू" नाही, त्याच रात्री दवाखाना.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं नख-दात लागून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे. पिल्लूच तर आहे, हा युक्तिवाद रेबीजला कळत नाही.

गोचीड शोधायची ठिकाणं: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. औषध वय आणि वजन सांगूनच घ्या.

शेपूटवाली
मग १६ आठवडे घरात कोंडायचं का? नाही. ओळखीपाळखीचा काळ, म्हणजे नवी माणसं नि आवाज पिल्लू सहज स्वीकारतं तो, साधारण १४ आठवड्यांना सरत येतो. कडेवर घेऊन फिरवा, खाली सोडू नका. कुकरची शिट्टी, मिक्सर, हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, सगळं लांबून दाखवा आणि सोबत खाऊ. ढोल-ताशे आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग जेवताना अगदी हळू लावा. खाणं थांबवून कान मागे घेतले तर आवाज कमी करा.

माळरान
जुन्नर-आंबेगावकडच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पिल्लू रात्री ओट्यावर, दावणीला बांधू नये. बिबट्याला ते ताट वाढून ठेवल्यासारखं. घरात, कडी लावून.

पायरीवरचा
चावण्याबद्दल राहिलं. संध्याकाळी सहा-सातला पिल्लू अंगात आल्यासारखं धावतं, पोटऱ्या धरतं. बहुतेक वेळा ते दमलेलं असतं. दिवसाला १८-२० तास झोप लागते आणि घरातली मुलं झोपू देत नाहीत. खोक्यात ठेवा, अंधार करा, दहा मिनिटांत घोरतं. चार महिन्यांनंतर दात पडायला लागतात, तेव्हा फ्रिजमधलं गार गाजर (तुमच्या नजरेसमोर) किंवा गाठ मारून गोठवलेलं ओलं फडकं.

कडीकोयंडा
ऑफिसवाल्यांसाठी: सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी एकटं ठेवायची सवय होत नाही. तिसऱ्या दिवसापासून सुरू करा: दाराबाहेर ३० सेकंद, मग दोन मिनिटं, पाच, पंधरा. रडायच्या आत परत या. जाताना-येताना गळाभेट नको. चपला घालून, किल्ली वाजवून पुन्हा सोफ्यावर बसा, असं दिवसातून चार-पाचदा.

आणि सोसायटीने लिफ्ट बंद केली तर भांडायच्या आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सेक्रेटरींना द्या: कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र आपण काढलेला असावा. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात, तो जपून ठेवा.